शेतरस्ता अडवला तर जायचं कुठे: तहसील, ग्रामन्यायालय की लोकअदालत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यात आईच्या नावावर तीन एकर केळी. शेजारच्या गटातून आधी बैलगाडी आणि मग ट्रॅक्टर वर्षानुवर्षं जात होता. शेजाऱ्याने तो रस्ता नांगरून टाकला आणि तोंडाशी काटेरी कुंपण घातलं. त्याला अडीच महिने झाले. तलाठी म्हणतात कोर्टात जा. वकिलाने चाळीस हजार सांगितले. तंटामुक्ती समिती म्हणते गावातच मिटवा. कुणी सांगतं की ग्रामन्यायालयात शंभर रुपयांत निकाल लागतो. घड कापणीला आलेत. जावं कुठे?

भाऊ, अडीच महिने झाले हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण तुमचं सगळं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे. चालू असलेला रस्ता कुणी अडवला, तर तो मोकळा करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालये अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांना आहे. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला तरच. सातव्या महिन्यात गेलात तर हाच दरवाजा बंद होतो आणि मग लांबचा रस्ता धरावा लागतो. खान्देशात शेतरस्त्याची बरीच प्रकरणं इथेच मरतात. आज मिटेल, पोळ्यानंतर मिटेल, भाऊबंद मध्ये पडतील, असं म्हणता म्हणता सहा महिने उलटतात, आणि शेजाऱ्याला तेच हवं असतं. बोलणी खुशाल चालू ठेवा, पण अर्ज आधी दाखल करा. अर्ज दाखल असताना केलेली तडजोड चालते. मुदत गेल्यावर तुमच्या हातात हे हत्यार उरत नाही, म्हणून मग तडजोडही होत नाही.

आता कोणत्या कलमाखाली जायचं ते नीट समजून घ्या, कारण इथे लोक हमखास घोटाळा करतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, रस्ता होता, वापरात होता आणि तो अडवला: हे 1906 च्या कायद्याचं कलम 5. दुसरी, रस्ता नव्हताच किंवा मोडून फार दिवस झाले, आणि आता बांधावरून नवा रस्ता हवा: हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, पण सिद्ध करायच्या गोष्टी वेगळ्या. कलम 5 मध्ये जुनी वहिवाट आणि अडवल्याची तारीख दाखवायची असते. कलम 143 मध्ये गरज दाखवायची असते: दुसरा जवळचा रस्ता आहे का, आधीचे मालक कुठून जात होते, शेजाऱ्याचं नुकसान कमीत कमी कुठून होईल. शिवाय 143 चा रस्ता फक्त हद्दीवरून, म्हणजे बांधालगत मिळतो. कुणाच्या शेताच्या मधून नाही. सेतू केंद्राबाहेर बसलेले अर्ज लिहिणारे बरेचदा दोन्ही कलमं एकाच अर्जात घालतात. मग ‘रस्ता होता’ आणि ‘रस्ता नाही, नवा द्या’ अशी दोन उलट विधानं एकाच कागदावर येतात आणि सामनेवाल्याचा वकील नेमकं तेच वाचून दाखवतो. तुमचं प्रकरण सरळ कलम 5 चं आहे. 143 चा विचार सध्या बाजूला ठेवा.

अर्जात काय लिहायचं? अर्जदार आणि सामनेवाले यांची पूर्ण नावं, वय, धंदा, पत्ता. सातबाऱ्यावर आईबरोबर तुमची, बहिणींची नावंही लागली असतील तर ती सगळी अर्जदार म्हणून घ्या. सामनेवाल्याच्या सातबाऱ्यावर तीन भाऊ असतील तर तिघांनाही पार्टी करा, कुंपण एकानेच घातलं असलं तरी. एखादा खातेदार मयत असेल तर त्याच्या वारसांची नावं तलाठ्याकडून काढून घाला, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, मला नोटीसच नव्हती. मग रस्त्याचं वर्णन: कोणत्या गटातून, कोणत्या दिशेने, कुठून कुठपर्यंत, किती फूट रुंद, त्यावरून काय जात होतं. मग अडवल्याची तारीख, ‘सुमारे’ न लिहिता. तारीख नक्की आठवत नसेल तर त्या दिवसाचे फोटो, कुणाला केलेला फोन, पोलीस पाटलांना सांगितलेला दिवस यावरून ती काढा. शेवटी कागदांची यादी, साक्षीदारांची नावं आणि सत्यापन, म्हणजे ‘वरील मजकूर खरा आहे’ असं लिहून खाली सही. सत्यापन नाही म्हणून अर्ज परत येतो हे फार वेळा घडतं.

प्रतिज्ञापत्र लागलं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, 2004 पासून. साध्या कागदावर चालतं. तरी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणून सांगणारे भेटतात. देऊ नका.

कागद जमवताना सातबारा आणि आठ-अ सगळेच जोडतात, पण त्यांवर बहुतेक वेळा रस्त्याचा उल्लेखच नसतो. खरा पुरावा दुसरीकडे सापडतो. शेजारच्या चारही बाजूंच्या गटांची जुनी खरेदीखतं दुय्यम निबंधकांकडून काढा आणि त्यातली चतुःसीमा वाचा. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्याच खरेदीखतात ‘उत्तरेस गाडीवाट’ असं लिहिलेलं निघालं, तर अर्धं प्रकरण तिथेच जिंकलं. त्याच्याच बापाने सही केलेला कागद तो नाकारणार कसा? दुसरं, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि गटाचा नकाशा घ्या. नकाशावर तुटक रेघांनी दाखवलेली वाट असेल तर ती पाऊलवाट किंवा गाडीवाट असते. तिसरं, गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं बघता येतात. कोरड्या महिन्यांतलं चित्र घेतलं तर चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. तारखेसह छापून जोडा. चौथं, केळी भरून गेलेल्या गाड्यांच्या पट्ट्या, खताच्या ट्रॅक्टरच्या पावत्या. गाडी शेतातून बाहेर निघत होती म्हणजे रस्ता होता, हा सरळ हिशेब आहे.

साक्षीदार निवडताना नात्यातले टाळा. रोज त्या वाटेने जाणारा सालदार, ट्रॅक्टरवाला, पलीकडच्या शिवारातला शेतकरी यांचा जबाब जास्त वजनाचा असतो.

नोटिसा निघाल्या की स्थळपाहणी होते. सगळं इथे ठरतं. पाहणीला मंडळ अधिकारी किंवा तलाठी येतात, पंचनामा लिहितात, पंचांच्या सह्या घेतात. त्या दिवशी आईला आणि साक्षीदारांना घेऊन स्वतः हजर राहा. टेपने रुंदी मोजून घ्या, नांगरलेल्या पट्ट्यात जुन्या चाकोरीचा दबलेला, कडक भाग उकरून दाखवा, वाटेच्या कडेचं जुनं निंबाचं किंवा बाभळीचं झाड दाखवा. अशी झाडं सहसा शेताच्या मधोमध ओळीने उभी नसतात. ती बहुधा वाटेच्या किंवा बांधाच्या कडेने वाढलेली असतात. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. ‘सध्या जागेवर रस्ता दिसून येत नाही’ एवढंच लिहिलं असेल तर त्याखाली ‘नांगरलेला दिसतो, जुन्या चाकोऱ्या दिसतात’ हेही लिहायला सांगा. लिहिलं नाही तर त्याच दिवशी लेखी हरकत देऊन पोच घ्या. पुढचा प्रत्येक अधिकारी जागा पाहणार नाही, तो पंचनामा वाचेल.

हुकूम तुमच्या बाजूने झाला की अंमलबजावणी मंडळ अधिकारी आणि तलाठ्यांमार्फत होते, गरज पडली तर पोलीस बंदोबस्तात. या हुकमावर अपील नाही, पण फेरतपासणीचा अर्ज करता येतो. तो प्रांताधिकाऱ्यांकडे चालतो आणि तिथून लगेच स्थगिती आणतात. म्हणून हुकूम होण्याच्या सुमारास प्रांत कार्यालयात कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये अशी मागणी नोंदली जाते. शेजारी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला जाईल अशी शंका असेल तर तिथेही कॅव्हेट टाका. ते 90 दिवस टिकतं, मग नवं टाकावं लागतं. तहसीलदारांचा हुकूम दिवाणी न्यायालयाचा वेगळा निर्णय येईपर्यंत चालतो, हेही माहीत असू द्या.

आता ग्रामन्यायालय. नाव ऐकून वाटतं की गावात पंच बसतील. तसं ते नाही. ग्रामन्यायालये अधिनियम, 2008 हा कायदा 2 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाला. त्यात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकारी असतो, तालुका पातळीवर मुख्यालय असतं आणि त्याने गावांत फिरून कामकाज चालवावं अशी तरतूद आहे. शंभर रुपयांची गोष्ट खरी आहे: दिवाणी अर्जाला शंभरापेक्षा जास्त फी घेता येत नाही. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, सुनावणी संपल्यावर 15 दिवसांत निकाल द्यावा आणि निकालाची प्रत फुकट द्यावी, असं कायदाच सांगतो. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम तिथे लागत नाहीत, आणि कामकाज राज्याच्या भाषेत, म्हणजे आपल्या मराठीत चालतं. कायदा खरोखर चांगला आहे. अडचण दोन जागी आहे. एक, ही न्यायालयं सगळ्या तालुक्यांत नाहीत, म्हणून तुमच्या तालुक्याच्या न्यायालयात आधी चौकशी करा. दोन, तिथे चालणाऱ्या वादांची यादी ठरलेली आहे. कुरणाचा वापर, पाटाच्या पाण्याची पाळी, विहिरीतून किंवा कूपनलिकेतून पाणी घेण्याचा हक्क, गावातल्या घराचा ताबा, बटईने केलेल्या शेतीतला वाद, उसनवारी, किमान वेतन. शेतरस्ता त्या यादीत स्पष्ट शब्दांत नाही. म्हणून तुमच्यासाठी ते पहिलं दार नव्हे.

पण दुसऱ्या कुणाला हे उत्तर उपयोगी पडावं म्हणून सांगतो. पाण्याच्या पाळीचा वाद, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या माणसाची अडकवलेली मजुरी, नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, हे सगळं ग्रामन्यायालयात चालू शकतं. पांझरा नदीच्या काठी साक्री-धुळ्याकडे फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, पाण्याची पाळी पाटकरी ठरवायचा आणि त्याचा शब्द सगळा फड मानायचा. आता कूपनलिका आणि मोटारींचं राज्य आहे, पाटकऱ्याचा शब्द कोण ऐकतो? पाळीच्या वादासाठी असं जवळचं, स्वस्त न्यायालय म्हणूनच हवं. ते नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि लोकप्रतिनिधींकडे ग्रामसभेचा ठराव करून मागणी करा. ठराव तोंडी राहिला तर उपयोग नाही, इतिवृत्ताची नक्कल जोडा.

वकिलाचे चाळीस हजार. भाऊ, जमीन आईच्या नावावर आहे ना? मग वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो, आणि उत्पन्नासाठी साधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरतं. बऱ्याच जणांना, आणि काही वकिलांनाही, एक गोष्ट माहीत नसते: या कायद्यात ‘न्यायालय’ म्हणजे फक्त कोर्ट नव्हे. निमन्यायिक अधिकार वापरणारं, म्हणजे न्यायालयासारखे निर्णय देणारं कार्यालयही त्यात येतं. म्हणजे तहसीलदारांपुढच्या रस्त्याच्या प्रकरणालाही आईला मोफत वकील मागता येतो.

अर्ज तालुका न्यायालयाच्या आवारात असलेल्या तालुका विधी सेवा समितीकडे करा. साधा कागद चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला स्वयंसेवक लिहून घेतो. आईला अहिराणीतच बोलायची सवय असेल तर अहिराणीतच सांगू द्या. 15100 या क्रमांकावर फोन करूनही मार्ग विचारता येतो. वकील, कोर्ट फी, टायपिंग, नक्कल हे सगळं समितीच्या खर्चात बसतं. नेमलेला वकील पैसे मागत असेल किंवा तारखेला येत नसेल तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. ते तुमचं हक्काचं मागणं आहे, उपकार नव्हे. शिवाय पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांच्या प्रकरणांत स्त्रीला कोर्ट फीही माफ आहे, 1994 च्या शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे. बहुतेक जणी ती भरून मोकळ्या होतात, कारण कुणी सांगतच नाही.

तंटामुक्ती समितीचं म्हणणं वाईट नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासून आहे आणि गावात बसून मिटलेला वाद कोर्टापेक्षा कधीही बरा, कारण पुढच्या वर्षी त्याच शेजाऱ्याच्या विहिरीवरून तुम्हाला पाइप न्यायचा असतो. पण समितीसमोर लिहिलेला कागद म्हणजे हुकूमनामा, म्हणजे कोर्टाने बजावता येणारा निकाल, नव्हे. पहिला पाऊस पडला, शेजाऱ्याने पुन्हा नांगर घातला, की तो कागद घरात ठेवण्यापुरता. म्हणून तडजोड झाली की ती लोकअदालतीत, म्हणजे विधी सेवा समितीतर्फे तडजोडीसाठी भरणाऱ्या अदालतीत, न्या. प्रकरण अजून कोर्टात नसलं तरी ‘दाखलपूर्व प्रकरण’ म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे देता येतं, फी लागत नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या सह्यांनी झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मोडला तर थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकता येते. अपील नाही म्हणूनच सही करण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घ्या.

तडजोडीत ‘शेजाऱ्याने रस्ता द्यावा, दोघांनी सलोख्याने राहावे’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून उद्याचं भांडण उभं राहतं. असं लिहा: ‘सामनेवाला यांच्या गटाच्या पूर्व बांधालगत, उत्तर-दक्षिण, शिवरस्त्यापासून अर्जदाराच्या गटाच्या हद्दीपर्यंत, 10 फूट रुंदीचा रस्ता कायम राहील. त्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर व मालवाहू गाडी बारा महिने जाईल. रस्त्यात नांगरट, कुंपण, पाइपचा चर किंवा झाड लावले जाणार नाही. हे दोन्ही बाजूंच्या वारसांवर व खरेदीदारांवर बंधनकारक राहील.’ गट क्रमांक घाला. नकाशावर लाल रेघ ओढून दोघांच्या सह्या घ्या. तिन्ही भावांच्या सह्या घ्या. एकाची राहिली तर तोच उद्या आडवा येतो.

रस्त्याच्या बदल्यात जमिनीची अदलाबदल ठरत असेल तर जपून. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांचा काही भाग आणि नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊच शकत नाही. पंचांनी सह्या केल्या म्हणून ती अदलाबदल कायदेशीर होत नाही. आणि जातीचे पंच दंड, वाळीत टाकणं, रोटी-पाणी बंद असल्या धमक्या देऊन मिटवायला लावत असतील तर तो सामाजिक बहिष्कार आहे. 2016 च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा वेळी तंटामुक्ती नाही, पोलीस ठाणं.

कापणी आता आहे आणि घड थांबत नाहीत, हे तुमच्या काळजीचं खरं कारण दिसतं. घड डोक्यावरून बांधाबांधाने वाहून शिवरस्त्यापर्यंत आणायचे तर मजुरी वाढते, घड घासले जातात आणि व्यापारी भाव पाडतो. दोन गोष्टी करा. तहसीलदारांना अर्जाबरोबर वेगळं पत्र द्या: कापणीचा अंदाजे आठवडा, बाग मृगबाग (जूनच्या सुमाराची लागवड) की कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची), किती झाडं, आणि स्थळपाहणी त्याआधी व्हावी ही विनंती. व्यापाऱ्याची कापणीची चिठ्ठी जोडा. दुसरं, पोलीस पाटलांच्या समोर शेजाऱ्याकडून या कापणीपुरती वाट मागा, आणि कागदावर ‘मूळ वहिवाटीचा हक्क राखून’ हे शब्द लिहा. ते शब्द नसतील तर पुढे तो म्हणेल, यांनी परवानगी मागितली म्हणजे हक्क नव्हता. नाहीच म्हणाला तर कुंपण स्वतः तोडू नका. रागाच्या भरात तोडलं की मारामारी होते, तुमच्यावर गुन्हा दाखल होतो आणि रस्त्याचं प्रकरण त्या गुन्ह्याच्या मागे पडतं.

सहा महिने उलटून गेलेले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी 143 चा अर्ज करावा. त्या हुकमावर नाराज असणाऱ्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो, हे धरून चाला. वीस वर्षांची अखंड वहिवाट असेल तर सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काचा, दावा दिवाणी न्यायालयात होतो, पण वहिवाट बंद झाल्यापासून दोन वर्षांच्या आत.

तारखा बघायला दर वेळी तालुक्याला जाऊ नका, दिवसाची मजुरी जाते. न्यायालयातल्या प्रकरणाची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकून दिसते, महसुली प्रकरणाची ई-क्यूजे कोर्ट या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर. तरी आदल्या दिवशी कारकुनाला एक फोन करावा. साहेब निवडणुकीच्या किंवा पंचनाम्यांच्या कामाला गेले असतील तर तारीख आपोआप पुढे जाते.

आणि हुकूम किंवा निवाडा हातात आला की तलाठ्याकडे अर्ज देऊन शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद करून घ्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवी नक्कल काढा आणि गट क्रमांक, दिशा, रुंदी, हुकमाचा क्रमांक बरोबर आला का ते स्वतः वाचा. तो गट उद्या विकला गेला, तर घेणाऱ्याला रस्ता त्या ओळीतूनच कळणार आहे.